कर्ता पुरुष नेमला कोणी?

सोयरिकीची बोलणी ऐका. पांढरकवड्याला ऐका, दारव्ह्याला ऐका, उमरखेडला ऐका. पहिला प्रश्न तोच: ‘पोरगा काय करते?’ शेती करते म्हटलं की चहाचे कप लवकर खाली होतात. नोकरी करते म्हटलं की दुसरा प्रश्न येतो: ‘शेती किती आहे?’ पोराच्या नावावर सातबारा पाहिजे, पण पोराच्या हाताला माती नको.

मुलीच्या बापाला मी दोष देत नाही. त्याने स्वतःच्या बायकोला उन्हात कापूस वेचताना, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घेताना पाहिलं आहे. लेकीच्या वाट्याला ते नको, हा विचार शहाणपणाचाच आहे. मुलगीही आता स्वतःचं मत सांगते, आणि सांगितलंच पाहिजे. मला बोलायचं आहे ते त्या पोराबद्दल. घरात त्याला सांगतात, बापजाद्यांची जमीन विकणारा तो कसला मर्द. बाहेर सांगतात, जमीन कसणाऱ्याला पोरगी देणारा बाप मूर्ख. दोन्ही गोष्टी तो एकाच आठवड्यात ऐकतो, पुष्कळदा एकाच काकाच्या तोंडून. विशी सरते, तिशी येते, आणि लग्नाच्या पंगतीत वाढायला फक्त त्याचीच आठवण होते.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अशा पोरांचा मोर्चा निघाला. बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून, वाजंत्री लावून ते जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा नीट राबवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. महाराष्ट्र हसला. मोबाइलवर चित्रफिती फिरल्या, मागणी कोणी वाचली नाही. राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 1991 ला 946 होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. ही घट त्या घोड्यावरच्या पोरांनी केलेली नाही. ती त्यांच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात पैसे मोजून बसलेल्या वडीलधाऱ्यांनी केली, आणि ते वडीलधारे त्या दिवशी घरी बसून टीव्हीवर मोर्चा बघत होते. मोर्चातली ‘बायको मिळवून द्या’ ही भाषा मला मुळीच मान्य नाही. बायको सरकारने द्यायची नसते, आणि कुठली मुलगी कोणाचं देणं लागत नाही. तरी ज्याची चूक नाही त्याच्यावर हसायचं आणि ज्याची आहे त्याला नमस्कार करायचा, हे मात्र आपण त्या दिवशी सगळ्यांनी मिळून केलं.

पुरुषाबद्दल आपण फार ठोक बोलतो. पुरुष असेच असतात. पुरुषाला काही वाटत नाही. शेतकरी पितातच. बाप्या खचतो, बाई टिकते. ही वाक्यं यवतमाळ जिल्ह्यात बसून उच्चारणं मला गुन्ह्यासारखं वाटतं, कारण इथे या वाक्यांवर सरकारी कागद चालतात.

2017 चा खरीप आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. फवारणी खाली करायची असते, ती तोंडासमोर आणि डोक्यावर करावी लागली. औषध अंगावर पडलं, कपडे भिजले, विष कातडीतून आणि श्वासातून आत गेलं. शेकडो माणसं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाली. काहींची नजर गेली होती, काहींना बांधून ठेवावं लागत होतं. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मग खुलासे सुरू झाले. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला काही बांधलं नाही, पोटात अन्न नसताना फवारलं. चौकशीतही फवारणाऱ्याच्या निष्काळजीपणावर मोठं बोट ठेवलं गेलं.

सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, कंबरभर गवतात, पाठीवर पंप घेऊन प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर उभं राहून दाखवावं कोणीतरी. मजुराला तो अंगरखा देतं कोण, हे आधी विचारावं. आणि एखाद्या शहाण्या पोराने तोंडाला फडकं, हाताला मोजे घातलेच, तर बांधावरून आवाज येतो: ‘काय बे, नवरी झाला काय?’ जिवंत असताना काळजी घेतली तर नाजूक, मेल्यावर निष्काळजी. बांधावरचा टोमणा आणि अहवालातला ठपका, दोन्ही एकाच माणसावर पडले. औषधावरच्या चिठ्ठीची भाषा, कृषी केंद्रवाल्याने एकात एक मिसळून दिलेली दोन-तीन औषधं, गावातल्या आरोग्य केंद्रात उताऱ्याचं औषध होतं का, हे प्रश्न त्याच्या मर्दपणाच्या आड गेले.

आता दारूचं बघू. कोणी शेतकऱ्याने जीव दिला की तिसऱ्या दिवशी चौकात निकाल लागतो: ‘पीत होता तो.’ हे बोलणाऱ्यांत नोकरदार असतात, दुकानदार असतात, कधी पुढारीही असतात. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्रा यांनी 2006 मध्ये राज्य सरकारसाठी पश्चिम विदर्भातल्या 111 आत्महत्यांचा अभ्यास केला. एकेका प्रकरणामागे अनेक कारणं असतात, म्हणून त्यांनी ती सगळी नोंदवली. कर्जबाजारीपणा सुमारे 87 टक्के प्रकरणांत होता. व्यसन सुमारे 28 टक्के. म्हणजे शंभरातल्या बहात्तर घरांत व्यसनाचा विषयच नव्हता, आणि तरीही त्या घरातल्या बाईला माणूस गेल्यावर शेजाऱ्यांकडून, कधी साहेबांकडूनही, तोच प्रश्न ऐकावा लागला.

त्याच अभ्यासातले दुसरे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आर्थिक पत घसरली, 74 टक्के. समाजातली पत घसरली, 36 टक्के. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार, 34 टक्के. पाऊस, भाव, बोंडअळी यांनी माणूस कर्जात जातो, हे सगळ्यांना कळतं. पण पत घसरली आणि लग्नाचा भार पेलवला नाही, ही दुखणी त्याला कर्ता पुरुष म्हणून होतात. बहिणीचं लग्न लहान केलं तर भाऊ नालायक. मोठं केलं आणि कर्ज फिटलं नाही, तर ‘झेपत नव्हतं तर केलं कशाला?’ हे विचारणारे त्या पंगतीत जेवून गेलेले असतात. मानपानाच्या यादीवर बोट ठेवून ‘आमच्याकडे एवढं तर करतातच’ म्हणणारेही त्यांच्यातलेच असतात.

सरकारनेही हीच रीत उचलली. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला 2006 पासून एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर पाहिजे, मान्यताप्राप्त संस्थेचं कर्ज पाहिजे, थकबाकी पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. समिती बसते आणि प्रकरणावर शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. कृषी केंद्राची उधारी, पाहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, सोनं गहाण ठेवून केलेलं आजारपण, यांचा कागद नसतो. मग तो माणूस मेल्यानंतरही कसोटीला उतरत नाही. आयुष्यभर त्याला हेच सांगितलं होतं की घराचं ओझं वाहण्याची तुझी लायकी आहे का ते दाखव. गेल्यावरही तेच विचारतात, फक्त या वेळी उत्तर बायकोने द्यायचं असतं.

मग लोक म्हणतात, पुरुष बोलत नाहीत. अहो, बोलतील कसे? पाच वर्षांचा असताना बैलाने पायावर पाय दिला म्हणून रडला, तेव्हा आजी म्हणाली, ‘काहून रडतं बे पोरीवानी?’ दहाव्या वर्षी मास्तर तेच म्हणाले. बाप गेला तेव्हा तेराव्या वर्षी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दहा पाहुण्यांनी सांगितलं, ‘आता तूच कर्ता. आईसमोर रडू नको.’ त्या दिवशी बारा-तेरा वर्षांच्या लेकराची नेमणूक झाली. मोठी बहीण बारावी शिकलेली होती, हिशेब तिला येत होता, तिच्याकडे कोणी बघितलं नाही. तोच पोरगा पस्तिशीला आला, बायको विचारते ‘काय झालं?’, तो म्हणतो ‘काही नाही’, आणि आपण निदान करतो की पुरुषजातीला भावना सांगता येत नाहीत. तीस वर्षं तोंड दाबून धरायचं आणि मग हा मुका का, असं विचारायचं, हे थांबलं पाहिजे.

पानठेल्यावर जाऊन बसा. संध्याकाळी सात वाजता तिथे वीस पुरुष असतात. कापसाचा भाव, मोदी, राहुल, आयपीएल, कोणाच्या पोरीने कोणाशी लग्न केलं, सगळं निघतं. सोसायटीची नोटीस आली हे मात्र निघत नाही. कारण ज्याने काढलं त्याची पत उद्या सकाळी कृषी केंद्रात कमी झालेली असते. भीती खोटी नाही. उधारी पतीवर मिळते आणि पत तोंडावर राखावी लागते. गप्प राहणं हा त्याच्यासाठी व्यवहार असतो. त्याला पुरुषी अहंकार म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एक खरीप उधारीवर काढून बघावा.

बायांचं वेगळं होतं, कारण त्यांना एकत्र येण्याच्या जागा कामानेच दिल्या. वेचणीची टोळी, निंदणाची रांग, बचत गटाची बैठक. तिथे हात चालतात आणि तोंडही चालतं. म्हणून ‘बाई खंबीर, बाप्या कमजोर’ हा जो नवा कौतुकाचा सूर निघाला आहे, तोही मला पटत नाही. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावर कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. शेतकऱ्याची विधवा संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलली, त्याच वर्षी लोकसभेलाही उभी राहिली. टाळ्या झाल्या, त्या योग्यच झाल्या. पण टाळ्या वाजवताना आपण एक सोय करून घेतली. तिला खंबीर म्हटलं की तिच्या डोक्यावरचं कर्ज, सासरकडून न मिळणारा जमिनीचा हिस्सा, लेकरांची फी, यांच्याकडे बघायची गरज राहत नाही. आणि तिचा नवरा आपोआप कमजोर ठरतो. दोघांनाही एकेक विशेषण दिलं आणि प्रश्न तिथेच राहिला.

आकड्यांतही असाच घोळ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 5,207 शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत 4,999 पुरुष आणि 208 स्त्रिया. देशातल्या एकूण 1,70,924 आत्महत्यांतही दर दहांत सात पुरुष आहेत. हे भयंकर आहे, आणि पुरुषांचं दुःख हा थट्टेचा विषय समजणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. पण त्याच अहवालात 25,309 स्त्रियांसमोर ‘गृहिणी’ असं लिहिलं आहे. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही तिने आयुष्यभर निंदण केलं, वेचणी केली, तरी तिला शेतकरी म्हणून मोजायला कागद नाही. जमीन त्याच्या नावावर, म्हणून कर्ज त्याच्या नावावर, म्हणून अब्रू त्याच्या नावावर, म्हणून मरणही त्याच्याच नावावर. पुरुषांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या मित्रांनी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या मैत्रिणींनी एकाच तक्त्याच्या दोन टोकांना धरून ओढाताण चालवली आहे. ती सोडून दोघांनी मिळून तलाठ्याकडे जावं.

पुरुषाच्या बाजूने बोललो की काही लोकांना वाटतं, मी पुरुषांचे गुन्हे झाकतो आहे. झाकत नाही. याच जिल्ह्यात झरी-जामणी आहे. तिथल्या कोलाम वस्त्यांतल्या मुलींना लग्नाची, पैशाची, कामाची लालूच दाखवून ठेकेदार, व्यापारी, त्यांची माणसं फसवत आली आणि मूल झाल्यावर निघून गेली. ‘कुमारी माता’ हा शब्द तिथल्या सरकारी कागदांत रुळला. त्या मुलींना काय मिळालं? घरकुलाची, शिलाई मशीनची आश्वासनं. आणि तो पुरुष? त्याचं नाव विचारलं की उत्तर मिळतं, ‘पुरुष असेच असतात.’ या वाक्याचा सर्वांत मोठा फायदा कोणाला झाला असेल तर त्या ठेकेदाराला. सगळेच पुरुष असे म्हटलं की हा एक पुरुष सुटतो. लेकराच्या जन्मदाखल्यावर बापाची जागा कोरी राहते आणि गुन्हा अख्ख्या पुरुषजातीच्या नावावर चढतो. पुरुषांवर सरसकट आरोप करणारी माणसं बायकांच्या बाजूची असतात हा मोठाच गैरसमज आहे. बाईच्या बाजूचा माणूस नाव, गाव आणि गाडीचा नंबर विचारतो.

हे शहाणपण जिल्ह्यातल्या बायांनी कधीच दाखवून दिलं आहे. ‘स्वामिनी’ या नावाने त्यांनी यवतमाळ जिल्ह्याच्या दारूबंदीची चळवळ उभी केली, मोर्चे काढले, गावोगावी ठराव घेतले. रोज मार खाणाऱ्या बाया होत्या त्यांत. आपले नवरे नालायक आहेत असं त्या भाषणात म्हणू शकल्या असत्या. त्यांनी बोट दाखवलं ते दुकानाकडे, परवान्याकडे आणि त्या परवान्यातून महसूल घेणाऱ्या सरकारकडे. दारूबंदीने सगळं सुटतं असं मला वाटत नाही. शेजारच्या चंद्रपूरमध्ये 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली. पण दोष कुठे शोधायचा हे त्या बायांना चौकातल्या शहाण्यांपेक्षा चांगलं कळलं होतं.

घरकामाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे निवाडा सोपा आहे. बायको वेचणीला गेली म्हणून नवऱ्याने भाकरी टाकली, लेकराला न्हाऊ घातलं, तर गाव म्हणतं, बायकोच्या ताटाखालचं मांजर. त्याने काहीच केलं नाही तर शिकलेली मंडळी म्हणतात, पितृसत्ताक. या दोन अपेक्षा समान तोलाच्या आहेत असं मी मानत नाही. दुसरी रास्त आहे आणि पहिली टाकून देण्याच्या लायकीची. फक्त रास्त अपेक्षा बोलून दाखवणाऱ्यांनी एवढं करावं की भाकरी टाकणाऱ्या पोराला गाव हसतं तेव्हा त्याच्या बाजूने चौकात उभं राहावं. त्याला अहंकारी म्हणायला सगळे असतात, त्याची बाजू घ्यायला कोणी नसतं. आणि त्याला मांजर म्हणणाऱ्यांत त्याची स्वतःची आई पुढे असते, हेही बोललं पाहिजे. मर्दपणाची राखण फक्त पुरुषच करतात असं नाही.

माणूस बोलत नाही, याला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात उत्तर मिळालेलं आहे. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प तिथल्या 30 गावांत चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं, ते दारोदार गेले, उदासी आणि नैराश्य म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितलं, ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे जोडून दिलं. दीड वर्षात नैराश्याने त्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. तिथली माणसंही ‘रडू नको’ ऐकतच वाढली होती. ओळखीचं माणूस घरी येऊन, निवाडा न करता, विचारत होतं एवढाच फरक. आपल्या जिल्ह्यातही अशाच कामाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे. त्याचं ओझं आशाताईंच्या खांद्यावर टाकलं आहे, लसीकरण, बाळंतपणं आणि दहा सर्वेक्षणं सांभाळून. एका आशाताईने चाळीस वर्षांच्या पुरुषाला, त्याच्या भावकीसमोर, ‘दादा, झोप लागते का?’ असं विचारायचं, ही योजना कागदावर बरी दिसते. या कामाला गावातले पुरुषही घ्या. पोलीस पाटील घ्या, सोसायटीचा सचिव घ्या, भजनी मंडळातला एखादा घ्या.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी फार आधी दुखण्याच्या मुळाला हात घातला होता. 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला. ज्या गावातले शंभर शेतकरी जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर करतील त्या गावात जोशी स्वतः जाणार, असा शब्द होता. हजारो पुरुषांनी ते केलं. ‘पुरुष सत्ता सोडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी. कोरडवाहू, कर्जातले, मिशीवाले, धोतर-टोपीवाले पुरुष होते ते. बाईचं देणं फेडायचं आहे अशा सरळ शब्दांत त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. बायकोचं नाव सातबारावर चढतं तेव्हा तिला हक्क मिळतोच, पण त्यालाही ‘सगळं मीच’ यातून सुटका मिळते. सोसायटीची नोटीस दोघांच्या नावाने आली की ती खिशात लपवता येत नाही.

त्याच 1986 सालची दुसरी तारीख आपल्या जिल्ह्याची आहे. 19 मार्च. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे. सरपंच राहिलेले, गाण्या-भजनात रमणारे, प्रतिष्ठेचे शेतकरी. पीक गेलं, विजेचं बिल थकलं, जोडणी तुटली, उभी शेती वाळली. पवनारजवळ जाऊन त्यांनी पत्नी मालती आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली. त्या मरणाला शेतीचं धोरण जबाबदार आहे, यावर माझं दुमत नाही. 2017 पासून शेतकरी चळवळीतले अमर हबीब यांच्या पुढाकाराने दर 19 मार्चला लोक एक दिवस अन्न सोडतात. मीही त्या उपासाच्या बाजूचा आहे.

पण ‘पहिली आत्महत्या’ असं आपण एकवचनात म्हणतो, तिथे मला थांबावंसं वाटतं. त्या दिवशी सहा जीव गेले. त्या चार लेकरांनी आत्महत्या केली नव्हती. माझ्यानंतर यांचं कोणी नाही, यांचं काय करायचं ते मीच ठरवणार, ही कर्त्या पुरुषाची समजूत आपण साहेबरावांच्या कितीतरी आधीपासून शिकवत आलो आणि त्यांच्यानंतरही शिकवतो आहोत. तेराव्या वर्षी पोराच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच’ म्हणणारे हात आपलेच असतात. पुढच्या वेळी कुठे तेरवीला गेलात तर ते वाक्य बोलू नका. आईला, बहिणीला, भावाला सोबत बसवा आणि कर्जाचा कागद सगळ्यांसमोर उघडा. कोणाची झोप उडाली असेल, मन उठलं असेल, तर 14416 हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो क्रमांक पानठेल्यावर लिहून ठेवा. आणि येत्या 19 मार्चला उपास धराल तेव्हा साहेबरावांसोबत मालतीबाईंचं आणि त्या चार लेकरांचंही स्मरण करा.